दहा पावलांची वाट

गुंडप्पा अण्णा कुठंही बसले की गडबडीकडं पाठ करून बसायचे. लग्नात वाजंत्री समोर, मांडव माणसांनी भरलेला, आणि अण्णांचं तोंड मात्र मागच्या रिकाम्या वावराकडं. आठवडी बाजारात झाडाखाली भाकरी सोडली तरी तसंच. गावातली माणसं चेष्टा करायची.

"अण्णा, नवरा-नवरी इकडं हायत."

"असू द्या की. त्यान्ला कोण मारायलंय?"

"आन् तिकडं वावरात कोण मारायलंय?"

"तेच बघायलोय," अण्णा म्हणायचे आणि अक्षता न बघताच पाठीवरून मागं टाकायचे.

मंठाळपासून दोन कोसांवर आमचं गाव. गावाला लागून वरच्या अंगाला जहागीरदाराचा रमणा होता. रमणा म्हणजे शिकारीसाठी राखलेलं रान. तीन बाजूंनी छातीएवढा दगडी गडगा, आत पळस, चंदन, सीताफळीची बेटं आणि गुडघाभर गवत. आमची गुरं गडग्यावरून ते गवत नुसती बघायची. जहागीरदाराचे पाहुणे तिथं बारा महिने मौज करायला यायचे. श्रावणात त्यांच्या बायकांसाठी आंब्याला झोके बांधले जायचे, हिवाळ्यात तंबू पडायचे आणि काळवीट, डुक्कर, बिबट्या यांची शिकार चालायची. उन्हाळ्यात पाणवठ्यावर मचाण बांधून बसायचं, तहानेलं जनावर आलं की मारायचं. ते पाणवठे भरायला आमच्या बायका विहिरीवरून घागरी वाहायच्या. गावची विहीर तळाला गेलेली असली तरी. झोके बांधायचे आम्ही, तंबू ठोकायचे आम्ही, आणि शिकारीच्या दिवशी हाका घालायचा, आवाज करून जनावर हुसकायचं, तेही आम्हीच. वेठीनं. मोबदला काही नाही. चुकलं तर चाबूक.

या हाक्याचे नाईक गुंडप्पा अण्णा. गळ्यात लिंग, आयुष्यात मांसाला शिवलेले नाहीत, लिंगपूजा झाल्याशिवाय पाणी पीत नसत. आणि चाळीस वर्षं त्यांनीच जनावरं बंदुकीपुढं हाकून दिली. त्यांच्या हातात पितळी टोपणाची काठी असायची. ते कधी ओरडत नसत. ओरडायला आम्ही होतो.

मी गुलबर्ग्याला शिकून परत आलो तेव्हा वीस वर्षांचा होतो. सोलापूरकडून धान्याच्या पोत्यांतून चोरून येणारी संस्थानाविरुद्धची पत्रकं वाचून माझं डोकं तापलेलं होतं, मीही तशी लिहू लागलो होतो. घरी आलो आणि आठव्या दिवशी दादाला ताप आला म्हणून त्याच्या जागी मला हाक्याला जावं लागलं. पत्रकात वेठीवर मी पानं लिहिली होती. आता हातात रॉकेलचा फुटका डबा घेऊन उभा होतो.

अण्णांनी मला बाजूला घेतलं. "कागदवाल्या, पहिल्यांदाच यायलास. नीट ऐक. आपण तीन बाजूंनी वाजवत जायचं. चौथ्या बाजूला बंदुका बसल्यात. तिकडं कुणी खोकत बी न्हाई. जनावर आवाजाला भितंय आन् गप्प जागेकडं पळतंय. तिथंच मरतंय. आवाज मारत न्हाई बाबा. गप्प बसलेलं मारतंय."

मग त्यांनी काठीनं रांगेकडं दाखवलं. हाक्याच्या बरोबर मध्यभागी पलीकडच्या गावचा पिराजी हलगी घेऊन उभा होता. पिराजीच्या डाव्या हाताला दहा पावलं जागा मोकळी होती. तिथं माणूस नव्हता, डबा नव्हता.

"ही देवाची वाट," अण्णा म्हणाले. "गाभण मादी असंल, पिल्लाची आई असंल, नाहीतर चवताळलेलं असंल, त्याला उलटून जायला. जनावराला वाट ठिवली तर ते माणसाला फाडत न्हाई. पण तिथं यायचं तर आवाजाकडं तोंड करावं लागतंय. शंभरात एखादंच करतंय. लई शहाणं असतंय ते."

आसपासच्या पाच गावांतली हाक्याची माणसं त्यांच्याच हाताखाली तयार झालेली. गाव कुठलंही असो, मधल्या हलगीच्या डाव्या अंगाला दहा पावलं सोडायची, हे त्यांच्या हाडात होतं. जहागीरदाराला हे माहीत नव्हतं.

दुसऱ्या वर्षी माहीत झालं. हैदराबादहून आलेल्या एका पाहुण्यानं मचाणावरून दुर्बीण लावली आणि एक मोठं डुक्कर त्या वाटेनं निसटताना पाहिलं. दुपारी जहागीरदाराच्या कारभाऱ्यानं अण्णांना सगळ्यांसमोर उभं केलं आणि चाबकानं मारलं. पहिला फटका पाठीवर, दुसरा कानावर. कान फाटून रक्त आलं. साठीच्या माणसाला मारताना कारभारी मोजत होता आणि पाहुणे डाळिंब सोलत होते. मग हुकूम झाला, वाट बंद करा.

पुढच्या हाक्याला अण्णांनी त्या दहा पावलांत नरसूला उभं केलं. नरसू आमच्या शेजारचा, तिशीचा, अंगानं काटक. जागा अण्णांनीच दाखवली. हे मी विसरलेलो नाही, आणि अण्णांच्या मरणानंतरही झाकणार नाही.

बिबट्या आला तो मचाणाकडं न जाता उलटला. वाट पूर्वीपासून तिथं होती आणि त्याला ती माहीत असावी. नरसूनं डबा वाजवला. बिबट्या थांबला नाही. मी वीस हातांवर होतो. नरसू खाली पडला तेव्हा त्याच्या तोंडातून आवाजच आला नाही, आवाज आला तो कापड फाटल्यासारखा. बिबट्यानं त्याचं पोट उघडं केलं. मग मचाणावरून गोळ्या सुटल्या. एक बिबट्याच्या मानेत बसली, एक नरसूच्या मांडीत.

अण्णांनी डोक्याचा पटका सोडून नरसूच्या पोटाला आवळला. पांढरा पटका, बघता बघता लाल झाला. चौघांनी बिबट्याला उचलून सावलीत ठेवलं, फोटोसाठी. नरसू उन्हातच होता. फोटोवाला तिपाई लावत असताना तो मेला.

त्या आठवड्यात मी पत्रक लिहिलं. पहिल्यांदाच नाव घेऊन. 'हाक्याचा नाईक की माणसांचा खाटीक?' दहा प्रती हातानं उतरवल्या आणि पाच गावांत वाटल्या. तिसऱ्या दिवशी अण्णा घरी आले. फाटलेला कान काळा पडला होता. ओसरीवर रस्त्याकडं पाठ करून बसले आणि पत्रक माझ्या पुढ्यात ठेवलं.

"मला मराठी वाचाया येत न्हाई. कन्नड येतंय तेबी मोडकं. तूच वाच."

मी वाचलं. थांबलो असतो तर भित्रा ठरलो असतो, म्हणून मोठ्यानं वाचलं. त्यांनी एकदाही मान हलवली नाही. संपल्यावर म्हणाले, "चांगलं लिव्हलंस. खरंय सगळं. पण नरसूचं नाव कुठंय यात?"

मी कागद पाहिला. नाव नव्हतं. 'एका गरीब वेठकऱ्याचा बळी' असं होतं. माझं नाव खाली मोठ्या अक्षरात होतं, अण्णांचं वर तीनदा होतं.

"मेल्याचं नाव आधी लिवावं, पोरा. मारणाऱ्याचं मागनं."

मला राग आला. "मग तुम्ही नायकी सोडत का नाही?"

"मी सोडली तर दुसरा यील. त्याला वाट ठिवाया येत न्हाई."

"चोरानं थोडं कमी चोरलं म्हणून तो साव होत नाही, अण्णा. वेठ ती वेठ."

अण्णांनी गुडघ्यावर हात टेकला. मग उठताना म्हणाले, "हेबी लिव्ह. नरसूच्या नावाखाली लिव्ह." त्या दिवसापासून रोज सकाळी नरसूच्या बायकोच्या, गंगव्वाच्या दारात ते एक घागर पाणी ठेवू लागले. ती त्यांच्याशी बोलत नव्हती. घागर मात्र आत घ्यायची.

पुढच्या हिवाळ्यात गावानं हाक्याला नकार दिला. महिनाभर मी घरोघरी फिरलो होतो. कारभारी घोड्यावरून चावडीपाशी आला आणि नाईक कुठंय म्हणून विचारलं. अण्णा पारावरून उतरले. मला वाटलं, आता हे माणसं गोळा करणार. त्यांनी पितळी टोपणाची काठी घोड्याच्या पायाशी ठेवली.

"माणसं न्हाईत, सरकार. मी बी न्हाई."

कारभाऱ्यानं घोडा पुढं घातला. काठीचे दोन तुकडे झाले. "पाऊस पडायच्या आत याद करोगे," एवढं बोलून तो गेला.

ते हैदराबाद संस्थानचं शेवटचं वर्ष होतं. जिकडंतिकडं बंदुका फिरत होत्या आणि जाळलेल्या गावांच्या बातम्या येत होत्या. आम्ही पारावर बसून ठरवलं, हल्ला झाला तर काय करायचं. मी सांगितलं, सगळ्यांनी खालच्या ओढ्यात उतरायचं. दोन्ही काठांना करंजाची दाट झाडी, वाट अडचणीची, तिकडं कुणी फिरकत नाही.

अण्णा आमच्याकडं पाठ करून बसले होते. तसेच म्हणाले, "ओढा नको."

"कामून, अण्णा?"

"लई गप्प हाय."

लोक हसले. मीही हसलो. म्हणालो, "अण्णा, हे जनावरांचं नाही, माणसांचं चाललंय."

चैत्रात एका सकाळी, बायका भाकरी थापत होत्या तेव्हा, वरच्या अंगानं हलग्या वाजू लागल्या. मग डबे. मग आरोळ्या. उत्तरेकडून, पूर्वेकडून, पश्चिमेकडून. वरच्या आळीतली दोन घरं पेटली. धूर आणि आवाज एकदमच गावात शिरले. सगळं गाव घराबाहेर पडलं आणि उताराला लागलं. खाली ओढ्याकडं. सगळ्यांच्या पुढं मी होतो. हात करून बोलावत होतो, "इकडं या, इकडं या."

गुडघ्यावर काहीतरी बसलं आणि मी तोंडावर पडलो. अण्णा माझ्यावर उभे होते, हातात मोडक्या काठीचा तुकडा.

"हाका हाय ह्यो," ते म्हणाले. "तुला कळंना व्हय? बंदुका ओढ्यात बसल्यात."

"मग जायचं कुठं?"

"आवाजाकडं. मधली हलगी पिराजीची हाय, मी वळखतो. तिच्या डाव्या अंगाला."

"ते मारतील."

"वेठीची माणसं हायत ती. त्यान्ला डुकराचा हाका म्हणून आणलं असंल. वाट सोडली असंल त्यांनी. ने सगळ्यान्ला. ऊठ."

मी उठलो. आगीकडं, आरोळ्यांकडं तोंड करून माणसांना परत वळवणं सोपं नव्हतं. मी लोकांना ढकललं, शिव्या दिल्या, दादाच्या मुस्काटात मारली. एकेक करून माणसं फिरली. पण पंधरा-वीस माणसं माझ्या आधीच्या हाकेनं पार उतारावर पोचली होती. त्यांत गंगव्वा होती, शेळ्यांसह. माझा आवाज त्यांना ऐकू जात नव्हता.

अण्णा आडवाटेनं उतरले, त्या माणसांच्याही पुढं गेले आणि ओढ्याच्या कोरड्या पात्रात उभे राहिले. त्यांच्या पाठीमागं करंजाची झाडी. तिकडं पान हलत नव्हतं. साठ वर्षांत पहिल्यांदा त्यांनी पाठ गप्प जागेकडं केली आणि तोंड गडबडीकडं. मग ते ओरडले. नुसते ओरडले नाहीत, हाक्याची आरोळी घातली, हाऽऽ हो हो हो, आणि काठीचा तुकडा दगडावर बडवू लागले.

ज्यांना माझे शब्द ऐकू गेले नव्हते त्यांना ती आरोळी कळली. समोरून हाका आला म्हणून ती माणसं जागच्या जागी वळली आणि चढाला लागली. अण्णा मागनं हाकत राहिले. त्यांचा आवाज चिरका होता. ओरडायची सवय नव्हती ना.

झाडीतून गोळ्या सुटल्या. पहिलीनं त्यांचा खांदा उडवला. ते वाकले, काठी दुसऱ्या हातात घेतली आणि पुन्हा बडवू लागले. मी हे पाहिलं आहे, कुणी सांगितलेलं नाही. पुढच्या गोळ्या किती होत्या ते मला माहीत नाही. आरोळी थांबली तेव्हा गंगव्वा माझ्यापाशी पोचली होती.

आम्ही धुरात शिरलो. पिराजी समोर होता, घामानं थबथबलेला. त्यानं आम्हाला पाहिलं, मग गोळ्या ऐकू आल्या त्या दिशेला पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर काय झालं ते मी सांगू शकत नाही. त्यानं हलगी थांबवली नाही, थांबवली असती तर मागचे जहागीरदाराचे घोडेस्वार आले असते. मान फिरवून तो आणखी जोरात वाजवू लागला. त्याच्या डाव्या हाताला दहा पावलं मोकळी होती. सगळं गाव त्या दहा पावलांतून गडग्यावर चढलं आणि रमण्याच्या गवतात लपलं. त्या रानात आमच्यापैकी कुणी वेठीशिवाय पाय ठेवायची ती पहिलीच वेळ.

त्या दिवशी शेटिबा, काशव्वा आणि गुंडप्पा अण्णा मेले. तिघंही ओढ्यात. पहिली दोघं माझ्या हाकेनं पात्रात उतरली होती, त्यांना वळायला वेळ मिळाला नाही. अण्णांना आम्ही त्यांच्या रीतीप्रमाणे बसवून पुरलं. खड्ड्यात तोंड कुणीकडं करायचं यावर जंगमस्वामींनी काहीतरी सांगितलं. गंगव्वा मध्येच म्हणाली, "ओढ्याकडं करा. नजर राहू दे." तसंच केलं.

मी अजूनही म्हणतो, वेठ राबवणारा हात दयाळू असला तरी वेठीचाच. अण्णांनी चाळीस वर्षं नायकी केली आणि नरसूला त्या जागी उभं केलं. त्याची भरपाई झाली की नाही हे ठरवायचा हक्क गंगव्वाचा आहे, माझा नाही. माझा हिशेब वेगळा आहे, शेटिबा आणि काशव्वाचा.

भादव्यात संस्थान गेलं. मार्गशीर्षात येळामावस्या आली. दरवर्षी त्या दिवशी आम्ही आपापल्या वावरात भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे घेऊन जातो. या वर्षी गावानं ठरवलं, रमण्यात जायचं. गडगा तीन जागी पाडला होता. गुरं आत सोडली. पोरांनी जहागीरदाराच्याच आंब्याला झोके बांधले. पिराजी पलीकडच्या गावाहून आला आणि कुणी न सांगता हलगी वाजवू लागला.

पळसाखाली सगळे गोल करून जेवायला बसले. आंबिलीचा मटका फिरत माझ्याकडं आला तेव्हा मी पाहिलं, पंगत पूर्ण मिटलेली नव्हती. पिराजीच्या डाव्या हाताला दहा पावलं जागा मोकळी होती. एवढी दाटी असून तिथं कुणी बसलं नव्हतं. गंगव्वानं त्या जागेत एक द्रोण ठेवला, आंबील वाढली, आणि हलगीकडं पाठ करून जेवायला लागली.