पिसं झडायचे दिवस

त्या दिवशी आभाळ कोरं होतं. दुष्काळाचं वर्ष, दिवाळी जवळ आली तरी वारं उन्हाळ्यासारखं सुटलेलं, आणि उदगीरच्या आमच्या गल्लीत धुळीबरोबर माझ्या कोंबड्यांची पिसं उडत होती. कोंबड्या पाळणाऱ्याजवळ अंडी साठत नाहीत, किस्से साठतात. अंडी लोक मागून नेतात. किस्से कोण नेणार?

शेजारी आप्पांचं घर आणि किराणा दुकान. माणूस शिवभक्त, कडक. नेमकं पूजेच्या वेळी एक पीस उडून त्यांच्या देवघरातल्या पिंडीवर, बेलाच्या पानांत पडलं. आप्पा ओल्या अंगानंच भिंतीवरून गरजले, "तात्या! दिवाळीच्या आत ह्या कोंबड्या गल्लीबाहेर न्या!"

"आप्पा, वर्षाची पिसं टाकायल्यात. अशात जागा बदलली तर जगायच्या न्हाईत. नवी पिसं तर येऊ द्या."

"दिवाळी म्हणजे दिवाळी!"

*

त्या साली लातूर नवा जिल्हा झाला होता, आणि जे बिघडेल ते त्याच्या माथी. नळाला पाणी नाही, नवा जिल्हा. बस चुकली, नवा जिल्हा! आमच्या गल्लीतल्या रहीमचाचा शिंप्यांनी कोंबड्या पाहिल्या, मशीन थांबवलं आणि म्हणाले, "नव्या कचेरीतल्या हाकिमांच्या बदल्या ऐकल्या होत्या तात्या. तुमच्या मुर्ग्यांनी तर पिसांचीच बदली करून घेतली!"

*

एक तांबडी तर पार उघडी पडली. आमच्या म्हातारीलाच, म्हणजे बायकोला, तिची लाज वाटली. जुन्या पोलक्याचं झबलं करून तिनं तांबडीला घातलं. तांबडी दोन पावलं चालली आणि आडवी! कोंबड्यानं ते ध्यान बघितलं अन् ओरडत थेट छपरावर!

झबलं मी अलगद काढलं. नव्या पिसांचे कोंब रक्तानं भरलेले असतात, नुसतं बोट लागलं तरी दुखतं. गल्लीत सगळ्यांना बजावलं, "हात लावायचा न्हाई, लांबून बघायचं."

म्हातारी म्हणाली, "म्हंजे तुमची अन् तांबडीची एकच तऱ्हा! जरा बोट लागलं की ओरडायचं!"

*

पिसं यायला कसदार खाणं लागतं. सुकट आणली असती, पण तिचा वास भिंत ओलांडून देवघरात गेला, तर आप्पा दिवाळीपर्यंतही थांबले नसते. म्हणून मडक्यात शेण-पाचट भरलं, पाणी शिंपडलं आणि पालथं घातलं. आत उधई, म्हणजे वाळवी, लागली की कोंबड्या तिच्यावर तुटून पडतात.

म्हातारी कडाडली, "माणसाला घागर मिळंना अन् उधईला पाणी?"

"तोंड धुतलेलं पाणीच हाय गं."

"बघू तोंड!"

*

दिवाळीच्या आदल्या दिवशी तांबडी दिसेना. बाकीच्यांना पिसं फुटली होती, हीच मागं राहिलेली. आप्पांची मुदतही संपत आलेली. सगळी गल्ली धुंडाळली. शेवटी आप्पांच्या ओसरीत डोकावलो. बाजेखाली, सावलीत तांबडी बसलेली! पुढ्यात शेंगदाण्याच्या पेंडीचा चुरा. बाजेवर आप्पा.

मी मान खाली घातली. "चुकलं आप्पा. आत्ताच नेतो." वाकून हात पुढं केला.

आप्पांनी माझं मनगट धरलं.

"हात लावू नका, तात्या. दुष्काळात नवं लुगडं यायला येळ लागायचाच!"