पन्हाळ्याच्या घाटातली पाचवी गाडी

मंगळवार पेठेत शिवणकाम करणाऱ्या चनबसाप्पाला दीड लाखात जुनी पेट्रोल गाडी हवी होती. आई गौराबाईंना गुडघ्यांमुळं स्कूटरवर बसवत नव्हतं आणि दर आठवड्याचा दवाखाना तर चुकत नव्हता.

पण दोस्तांना न विचारता गाडी घेणं म्हणजे पेठेत तोंड दाखवायची सोय नाही. त्यामुळं प्रत्येक गाडी बघायला तालमीतले तीन पैलवान दोस्त भरपेट मिसळ चापून मागच्या सीटवर कोंबून बसायचे आणि गाडी थेट पन्हाळ्याच्या घाटात न्यायला लावायचे. चार गाड्या तिथंच धापा टाकून नापास झाल्या होत्या.

आज आईही सोबत होती. पाचवी गाडी दुसऱ्या वळणावर कण्हू लागली.

"आप्पा, इंजिनात दमच न्हाय," मागून निकाल आला. "सोड ही."

चनबसाप्पानं गाडी कडेला थांबवून स्टेअरिंगवर कपाळ आपटलं. "अजून किती सोडू रं?"

पुढं बसलेल्या गौराबाई कडाडल्या, "दवाखान्यात मला एकटीला जायचंय की! ह्या रेड्यांना उतरीव खाली."

तिघं उतरले. गाडी सुर्रकन वळण चढून गेली.

"हीच घेऊ, अव्वा?"

"व्हय. आन् आता त्यास्नी घ्यायला थांबू नगंस."