मंडपामागचा उमेदवार

माझ्या हाती माईक आला की देवसुद्धा पुढच्या रांगेत येऊन बसतो, असा माझा प्रामाणिक समज आहे. त्यामुळे सोनपेठच्या त्या प्रचारसभेचं निवेदन माझ्याकडेच आलं. आमचे उमेदवार म्हणजे निवृत्त गुरुजी, गावोगावच्या लोकवर्गणीवर उभे राहिलेले. पक्षाने तिकीट दिलं होतं, पैसा नाही.

सभा मात्र पक्षाची, मोठे नेते येणार. पक्षाच्या खर्चाला मर्यादा नाही, उमेदवाराच्या खर्चाला आहे. गुरुजी स्टेजवर दिसले किंवा त्यांचं नाव घेतलं गेलं, तर सभेचा खर्च त्यांच्या माथी. ते टिपायला सरकारी कॅमेरा समोर हजर होता. म्हणून आम्ही गुरुजींना मंडपामागे, चहाच्या भगोण्याजवळ बसवलं. नवरदेव लपवून लग्न लावायला मी उभा! नाव न घेता त्यांची अशी काही स्तुती केली, की काय सांगू.

पण वर्गणी देणाऱ्यांना राहवेना.

"आमचा माणूस कुठंय? चहापाशी?"

"अहो, कॅमेरा चालू आहे," मी कुजबुजलो.

"मग येऊ द्या की फोटोत!"

गुरुजी "नका, नका" म्हणत असताना चौघांनी त्यांना उचलून नेत्याशेजारी उभं केलं आणि फेटा बांधला. फेटा बांधल्याशिवाय माणूस उभा राहिला असं आमच्याकडे कुणी मानतच नाही. टाळ्या थांबेनात. कॅमेराही थांबला नाही.

मंडप, खुर्च्या, भोंगे सगळं गुरुजींच्या खर्चात चढलं. खर्च मर्यादेच्या काठावर आला. ओलांडली तर जिंकूनही आमदारकी जायची भीती. प्रचाराची भाड्याची जीप परत पाठवली, भोंगा उतरवला. गुरुजी पायी निघाले, मागे मी, मुका.

एका वस्तीवर एक म्हातारी वर्गणीची नोट घेऊन आली. गुरुजींनी हात जोडले.

"आजी, आता घेऊन उपयोग नाही. खर्चता येत नाही."

"मोठ्याच्या मांडीला मांडी लावून आलाव. आता आमची नोट टोचायली व्हय?"

गुरुजी वर्गात समजावत तसा नियम समजावू लागले. तिने नोट पदराला बांधली आणि दार लावून घेतलं. पुढच्या वस्तीवर ही गोष्ट आमच्या आधी पोचली होती. तिथं तर दारं उघडलीच नाहीत.

गुरुजी पडले. निकालाच्या संध्याकाळी ते चौघे माझ्याकडे आले.

"कमी कुठं पडलो हो आपून? फेटा तर लय झाक बांधला होता."