उभ्यानं प्यायलेली पेज

वहिनी गेल्याचा फोन आला तेव्हा मी काट्यावर उभा होतो. ही बोलायची पद्धत म्हणून सांगत नाही. खरोखरच धान तोलायच्या काट्यावर, चपला बाजूला काढून, पोट आत ओढून उभा होतो. सोमवार होता. करडीला माझं धान खरेदीचं लहानसं दुकान आहे, आणि सोमवारी सकाळी पहिलं पोतं यायच्या आधी त्या काट्यावर आम्ही दोघं चढायचो. आधी वहिनी, मग मी. शेवटचे काही महिने त्या येत नव्हत्या, तरी मी आपला चढत होतो. फोनवर दादा एवढंच म्हणाला, "ये." एरवीही तो याहून जास्त बोलत नाही, पण हा 'ये' वेगळा होता... मी खाली उतरलो. समोरच्या लाल आकड्यांचं शून्य झालं.

कुसुमवहिनी लग्न होऊन आमच्या घरात आल्या तेव्हा मी शाळेत होतो आणि, आज कुणाला पटणार नाही, पण काडीसारखा होतो. आमच्याकडे सकाळी भात, दुपारी भात, रात्री भात. त्यावर वहिनींचा हात सैल. चिन्नोरच्या भाताचा वास अंगणापर्यंत यायचा आणि मी वासामागोमाग चुलीपर्यंत जायचो. माझ्या या आकाराचं श्रेय मी नेहमी त्यांना द्यायचो आणि त्या ते आनंदानं घ्यायच्या. "दुकानदार जाडाच बरा दिसते," म्हणायच्या. पण मला वाढता वाढता त्या स्वतःही वाढत गेल्या, आणि पन्नाशी ओलांडल्यावर त्यांच्या गुडघ्यांनी बंड केलं. गुडघे दुखतात म्हणून त्या कधी रडल्या नाहीत. रडल्या त्या एका प्लास्टिकच्या खुर्चीपायी. आमच्या घरात भाताच्या रोवणीला रोपांची पहिली जुडी घरच्या मोठ्या बाईनं पाणी भरल्या बांधीत उतरून, वाकून, चिखलात लावायची अशी रीत आहे. तीच लावते, मग बाकीच्या बाया ओळ धरतात. त्या वर्षी वहिनींना उतरवेना. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, खुर्ची मांडली, त्यांनी बसल्या बसल्या जुडीला हात लावला आणि ती माझ्या बायकोनं लावली. बायांनी गाणं धरलं, सगळं रीतसर झालं. संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो तर वहिनी चुलीपुढे बसून डोळे पुसत होत्या. म्हणाल्या, "भाऊजी, आपल्याच वावरात मी पाहुणी झाली."

भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी गुडघे तपासले आणि आधी वजन उतरवा, मग ऑपरेशनचं बघू, असं सांगितलं. वहिनींनी लगेच माझ्याकडे बोट दाखवलं : यांचंही उतरवा, मी एकटी नाही उपाशी राहत. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांना ते पटलं. असा मी या मोहिमेत भरती झालो. घरी काटा आणू म्हटलं तर वहिनी नको म्हणाल्या. घरचा काटा घरच्या माणसासारखाच, लाडानं कमी सांगेल. धानाचाच काटा बरा, तो कुणाचा नसतो. पहिल्या सोमवारी त्यांनी दुकानाचं अर्धं शटर ओढायला लावलं, काट्यावर चढल्या, आकडा पाहिला आणि गंभीरपणे म्हणाल्या, "भाऊजी, लोकाच्या धानाच्या वजनातून ओलावा कापता ना? मायाबी कापा थोडा."

रात्रीचा भात बंद झाला. दुपारचा भात पसवून, म्हणजे शिजतानाचं पाणी गाळून, खायचा असं ठरलं, कारण तसं कुणीतरी कुठंतरी वाचलं होतं. सकाळी देवळापर्यंत चालणं सुरू झालं. त्या काठी टेकत पुढे, मी धापा टाकत मागे. पहिले काही आठवडे काटा शहाण्यासारखा उतरला. मग वहिनींचा आकडा चौऱ्याऐंशीवर आला आणि बसला. चिखलात बसलेला हल्या, म्हणजे रेडा, जसा शेपटी ओढा, काही करा, उठत नाही, तसा. एक सोमवार गेला, दुसरा गेला, महिना गेला. वहिनींनी पोळीही कमी केली, दोन उपास वाढवले. आकडा जागचा हलेना. पुढची रोवणी जवळ येत होती आणि त्या बोलेनाशा झाल्या. मला टोमणे मारणंही त्यांनी सोडलं, तेव्हा मी खरा घाबरलो.

पुन्हा भंडारा गाठलं. या वेळी डॉक्टरांनी आम्हाला दवाखान्यातल्या आहार आणि व्यायाम बघणाऱ्या पोरीकडे पाठवलं. तिनं आधी खाण्याचं सगळं विचारलं. वहिनींनी अभिमानानं सांगितलं, त्यात खोट काढायला जागाच नव्हती. मग तिनं सहज विचारलं, पिता काय काय? चहा एक, बिनसाखरेचा. ताक. आणि...? वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

"आणि भाताचं पाणी," वहिनी म्हणाल्या. "पेज. पण ते काई खाणं नोहे बाई. उभ्या उभ्या मीठ टाकून पेते माणूस."

"किती?"

"निघते तेवढी. फेकाची कशी? अन्न हाये ते."

पोरगी हसली नाही, हे तिचे उपकार. भात जितका पसवावा तितकी पेज जास्त निघत होती. आणि अन्न फेकणं पाप म्हणून वहिनी ती रोज पितळेच्या मोठ्या गिलासात ओतून, दाराच्या चौकटीला टेकून पिऊन टाकत होत्या. बसून खाल्लेलं तेवढं जेवण, उभ्यानं प्यायलेलं धरत नाहीत, हा त्यांचा माहेरचा हिशेब. ताटातून काढलेला अर्धाअधिक भात आम्ही असा मागच्या दारानं पोटात घेत होतो. आम्ही म्हणजे दोघंही. चौकटीच्या दुसऱ्या बाजूला टेकून दुसरा गिलास कोण पीत होतं, ते त्या पोरीनं विचारलं नाही आणि मीही वर तोंड करून सांगितलं नाही.

तिनं मग सगळं नव्यानं लावून दिलं. उपास बंद करा म्हणाली. फार कमी खाल्लं की शरीराला दुष्काळ पडल्यासारखं वाटतं आणि ते कणगीचं दार लावून बसतं. सकाळी अंडं किंवा मूठभर भिजवलेले हरभरे, दुपारी आधी भाजी आणि घट्ट वरण, मग वाटीभर भात. मिळतील तेव्हा बोडीतले, म्हणजे गावच्या तळ्यातले मासे, पण तळलेले नाहीत. आणि रोज त्याच रस्त्यानं त्याच चालीनं चालू नका, बैलाला घरचा रस्ता पाठ होतो तसा तो अंगाला पाठ होतो. गुडघ्यांमुळे जोरात चालवत नाही ना? मग पाण्यात चाला. गावात बोडी असेलच. आमच्या भागात गावाला देऊळ नसेल एक वेळ, बोडी असते.

दुसऱ्या दिवसापासून पेज म्हशीला जाऊ लागली. वहिनी पेजेचा गंज उचलून स्वतः गोठ्यात जायच्या आणि म्हशीला सांगायच्या, पी बाई, तुले कोणी काट्यावर चढवत नाही. आणि सकाळी ऊन वर आलं की बोडीच्या घाटाशी जुनं लुगडं नेसून कमरेइतक्या पाण्यात उतरायच्या आणि काठाकाठानं चालायच्या, पुढे, मागे, कधी सावकाश, कधी पाणी कापत. पाणी त्यांना अर्धं उचलून धरायचं. कपडे धुणाऱ्या बाया आधी तोंडाला पदर लावून हसल्या. पुढे त्यांतल्याच एकदोघी, गुडघे धरून चालणाऱ्या, त्यांच्या मागे उतरल्या. मी काठाच्या पाळीवरून फेऱ्या मारायचो. एकदा म्हटलं, मीही येतो पाण्यात. वहिनी सगळ्या घाटाला ऐकू जाईल अशा म्हणाल्या, "तुमी वरच राहा भाऊजी. तुमी उतरले तर पाणी सांडव्यावरून जाईन अन् खालच्या वावरायले पूर येईन." पुढं कितीतरी दिवस गावात मला सांडवा म्हणत होते. मला त्याचं काही वाटलं नाही, कारण वहिनींना पुन्हा टोमणे सुचू लागले होते. आणि मग एका सोमवारी काट्यानं चौऱ्याऐंशी सोडलं. अगदी थोडंसंच. वहिनी उतरल्या, पुन्हा चढल्या, पुन्हा तेच. शटरखालून बाहेर पाहत म्हणाल्या, "उठला एकदाचा हल्या."

त्या पावसाळ्यात त्यांनी पहिली जुडी लावली. ऑपरेशनची घाई नको, इतपत गुडघे सुधारले होते. दादानं हात पुढे केला, तो त्यांनी धरला नाही. लुगडं खोचून बांधीत उतरल्या, वाकल्या, एका हातात पऱ्यांची जुडी आणि दुसऱ्या हाताचा अंगठा चिखलात. एकच जुडी लावायची रीत, पण त्या ओळ संपेपर्यंत वर आल्याच नाहीत. दादा खुर्ची घेऊन आला होता, तशीच त्यानं ती परत नेली... मला वाटतं, त्या दिवशी माझा भाऊ जन्मात पहिल्यांदा चारचौघांत हसला.

धान कापणीनंतर काटा आणखी खाली येऊ लागला. आम्ही खूश. मी येईल त्या गिऱ्हाइकाला वहिनींचा आकडा सांगायचो, जसा काही मीच बोडीत उतरलो होतो. पण थंडीत बोडीत जाणं बंद होतं, सणासुदीचं गोडधोडही झालं होतं, आणि तरी आकडा उतरतच होता. हे आधी त्यांच्याच ध्यानात आलं. एका सोमवारी काट्यावर उभ्या राहून त्या बराच वेळ खाली उतरल्याच नाहीत. मी म्हटलं, वहिनी, आता बास, नाहीतर वाऱ्यानं उडून जाल. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "भाऊजी, मी काई करत नाही आता. हा आपल्या मनानं उतरून राहिला." नागपूरला नेलं. पोटातली गाठ फार पसरली होती. डॉक्टर घरी न्या म्हणाले, आणि आम्ही घरी आणलं. ज्या आकड्यासाठी वर्षभर झुरलो, तो कधीच मागे पडला होता. मी खाटेजवळ बसलो की त्या स्वतःच्या मनगटाभोवती बोटांचं कडं करून दाखवायच्या. "पाहा. कापाले ओलावाच नाही राहिला."

शेवटच्या आठवड्यांत त्यांच्या पोटात काही टिकेना. वरण नाही, दूध नाही. टिकली ती एक पेज. म्हशीकडे जाणारा गंज पुन्हा घरात आला. दादा भात पसवायचा, मी त्यात चिमूटभर मीठ टाकून चमच्यानं त्यांना पाजायचो. पहिल्या दिवशी चमचा ओठांशी नेला तेव्हा त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं आणि अगदी बारीक आवाजात विचारलं, "त्या पोरीले इचारलं का?"

मी हो म्हटलं. तिनं प्या म्हणून सांगितलं आहे, पाहिजे तेवढी. त्यांनी तोंड उघडलं. चार चमचे गेले... पुढे तीन, मग दोन.

परवा सकाळी दादाकडे गेलो होतो. तो चुलीशी होता. त्यानं भात पसवला, गंज उचलला आणि उठला. तर गोठ्याकडे न वळता सरळ आतल्या खोलीत गेला. खाट अजून तिथंच आहे, गादी गुंडाळलेली. तो गंज हातात धरून खाटेपुढे उभा राहिला. गोठ्यातून म्हैस एकदा ओरडली. आमच्या घरात बोलणारं माणूस एकच होतं. थोड्या वेळानं तो बाहेर आला, फळीवरचे पितळेचे दोन्ही गिलास काढले, दोन्ही भरले, मीठ टाकलं, आणि एक माझ्यापुढे धरला. मी सवयीनं चौकटीला टेकायला निघालो होतो. दादा खाली बसला, जेवायला बसतो तशी मांडी घालून, आणि त्यानं शेजारच्या जागेवर हात ठेवला. मीही बसलो. आम्ही दोघांनी ती पेज बसून प्यायली, सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत. धरली जावी म्हणून.