नळबाईंचं आडनाव

नळबाई कोणाला आडनाव विचारत नसत. मराठी माणसाच्या बाबतीत हे जरा संशयास्पदच. नव्या माणसाला त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "घरापासून नळ किती लांब?" म्हणून त्या नळबाई.

बाई नगररचनाकार होत्या. वस्तीतल्या लोकांना धड घरं मिळावीत म्हणून त्यांनी जन्मभर रायपूर पायाखाली घातलं. गोल बाजारामागे त्यांचं दोन खोल्यांचं ऑफिस, दारावर पाटी नुसती 'मंदाकिनी'. तिथे मी नकाशे काढायला लागले. वय बावीस, अक्षर मोत्यासारखं आणि अक्कलही मोत्याएवढीच.

पहिली दोन वर्षं माझा मुख्य उद्योग म्हणजे बाईंचं आडनाव शोधणं. डब्यातली पाटवडी पाहून शेवटी मी निकाल दिला, आपल्यातल्याच. पाटवडी अख्खा विदर्भ खातो, हे माझ्यासारख्या नागपूरच्या पोट्टीला आठवू नये, म्हणजे बघा.

मग शहराच्या कडेच्या बीरगांवचं काम आलं. नाल्याकाठी राहणाऱ्या कामगारांना शेजारीच पक्की घरं मिळायची होती, आणि कोणाला कोणतं घर, ते आम्हाला नकाशावर मांडायचं होतं. बाईंनी मला यादी करायला धाडलं. नाव, घरात माणसं किती, नळ किती लांब. मी पदरचा एक रकाना वाढवला, आडनाव. एक बाई डोक्यावरचा हंडा खाली टेकवून म्हणाली, "दीदी, नाम तो बता दिया. अब पुरखों को भी घर दोगे क्या?" सगळ्या हसल्या. मीही हसले, आणि आडनाव लिहून घेतलंच.

नकाशा फार सुबक झाला. एकेका जातीची एकेक गल्ली. 'चांगली' आडनावं नळाजवळ, बाकीची उतरत उतरत पुन्हा नाल्याकडे. असं कर म्हणून कोणी सांगितलं नव्हतं, हात आपला आपण चालला. वर शाबासकी मिळेल म्हणून मी तो बाईंच्या टेबलावर पसरला.

बाईंनी नळापासून नाल्यापर्यंत एकेक गल्ली बोटाने वाचली. मग पेन्सिल माझ्या हातात दिली. मनाला फार लागलं की त्यांची पुस्तकी मराठी गळून पडायची आणि घरची बोली वर यायची.

"काम सुंदर हाय माय. आता मले सांग, माहं घर कोनत्या गल्लीत टाकून राहिली?"

पाटवडी काही कामाला आली नाही. मी पुटपुटले, तुमचं आडनाव माहीत नाही.

"नळ कुठं हाय ते तं माहीत हाय ना?"

नोकरी गेली असंच मला वाटलं होतं. बाईंनी फक्त खोडरबर पुढे सरकवला. पुढच्या रविवारी म्हाताऱ्यांना आणि आजाऱ्यांना नळाजवळची घरं देऊन बाकीच्यांच्या चिठ्ठ्या वस्तीसमोर काढल्या. हंडेवालीला नळापासून तिसरं घर लागलं. माझ्याकडे पाहून ती म्हणाली, "पुरखों को बता दूँगी, दीदी."

पुढे तीस वर्षं मी बाईंकडेच होते. आडनाव विचारायची हिंमत झाली नाही, खाज मात्र गेली नाही.

गेल्या महिन्यात बाई गेल्या. तेलीबांधा तलावाजवळच्या शोकसभेत त्यांच्या फोटोखाली कोणीतरी ठळक अक्षरांत पूर्ण नाव लिहिलं होतं. माझ्यापासून चार पावलांवर. मी चष्मा काढून पर्समध्ये टाकला.

"आजी, चश्मा क्यों उतार दिया?" नातीने विचारलं.

डोळ्यांत पाणी आलं म्हणून, मी म्हटलं. खोटं नव्हतं ते. फक्त चष्मा आधी काढला होता, पाणी मागाहून आलं.