टांकाशेरीचा दर्शनी भाग

सुरतेच्या जुन्या वस्तीतल्या टांकाशेरी या गल्लीत छाया मोहरीर यांना शेजारीपाजारी ‘बेन’ म्हणत, आणि मराठी शाळेत त्यांच्याकडे चित्रकला शिकलेले ‘बाई’. एकतीस वर्षं शिकवून निवृत्त झाल्या, तरी पेन्सिल काही हातातून सुटली नाही. आणि नाक मुरडायची सवयही. प्लास्टिकची फुलं, फायबरचे खांब, लाकडाचा कागद चिकटवलेली दारं दिसली की बाईंना मळमळायचं. तसं त्या बोलूनही दाखवायच्या, समोर यजमान उभा असला तरी.

शेरीतली घरं मात्र अस्सल सागवानी. दारापुढे ओटा, आत चौक, चौकाखाली पावसाचं पाणी साठवायचं टाकं. सगळ्यांत देखणं घर हसमुखभाईंचं. त्यांच्याच चौकामागे खानदेशातून आलेल्या दगा सुताराचं बावीस वर्षांचं दुकान. कुणाचा कठडा हलो, कुणाची तुळई कुजो, दगाशिवाय पान हलत नसे.

दोन वर्षांपूर्वी बिल्डरांचे डोळे शेरीकडे वळले, तेव्हा रहिवाशांनी समिती केली. शेरीचं जुनं रूप राखायचे नियम करायचे ठरलं. अध्यक्ष अर्थातच हसमुखभाई. मसुदा आणि नकाशे बाईंकडे. चार महिने बाई समोरच्या ओट्यावर स्टूल टाकून बसल्या. सव्वीस घरं काढली, खांबावरचा एक मोरसुद्धा सोडला नाही. नियमात लिहिलं, की घरं या चित्रांबरहुकूमच राहतील. महापालिकेच्या कचेरीनं तो नियम जसाच्या तसा मंजूर केला, आणि बाईंनी दारोदार घारीची मिठाई वाटली.

पावसाळा सरला आणि हसमुखभाईंच्या घराला पुढून बांबूचे टेकू लागले. डागडुजी असेल म्हणून बाई खूश झाल्या. चौथ्या दिवशी दगा धापा टाकत आला.

“बाई, मांगे या. आत्तेच या.”

मागच्या बोळातून त्या गेल्या, तर समोर नुसतं आभाळ. चौक नाही, दगाचं दुकान नाही, टाक्यात विटामातीचं राबिट भरलेलं. कोरलेले खांब टेम्पोत चढत होते. तिथे साड्यांच्या दुकानांचे चार मजले उठायचे होते, आणि पुढची भिंत जत्रेतल्या मुखवट्यासारखी उभी होती.

बाई तोंडाला येईल ते बोलल्या. हसमुखभाईंनी शांतपणे खिशातून नियमांचा कागद काढला.

“बेन, नियम तो तमारोज छे. एक खीली पण नथी हलावी.”

खरंच होतं ते. नियम बाईंचाच होता, आणि पुढचा एक खिळाही हलवला नव्हता. चित्रांत दार होतं, गवाक्ष होतं, मोर होता. चौक नव्हता, टाकं नव्हतं. एकतीस वर्षं मुलांना घर समोरून काढायला शिकवलं होतं. बाईंनी शेरीही तशीच काढली.

“मांगलं काढंच नही का तुम्हीन?” दगानं विचारलं. रागानं नव्हे, नवलानं. बाईंना त्याच्या तोंडाकडे बघवेना. हसमुखभाईंची किळस आली होतीच, पण स्वतःची आली ती जास्त. चोरासाठी पुढच्या दाराला कुलूप घालून मागचं दार आपणच सताड उघडं ठेवलं होतं.

दगानं हत्यारं पोत्यात भरून शहराच्या टोकाला भेस्तानला खोली घेतली. वर्षभरानं साड्यांच्या नव्या बाजाराचं उद्घाटन झालं. बाई जाणार नव्हत्या. दगा येतोय कळल्यावर गेल्या. मांडव त्या जुन्या दारापुढेच होता. दार आतून विटांनी बुजवलेलं. गिऱ्हाइकांनी बाजूच्या शटरमधून जायचं. शेरीचा वारसा वाचवल्याबद्दल बाईंना शाल, श्रीफळ आणि त्यांनीच काढलेलं त्या घराचं चित्र मोठ्या चौकटीत.

बाईंनी शाल खुर्चीवर टाकली. चौकट उलटी करून लोकांपुढे धरली. मागे कोरा पुठ्ठा.

“हे बघा,” त्या सगळ्यांना कळावं म्हणून गुजरातीत म्हणाल्या, “याच्या मागे काही नाही. या दाराच्या मागेही काही नाही. तिथे हा दगा होता. मी त्याला काढला नाही, म्हणून यांनी त्याला काढला. थुंकायचं असेल तर आधी माझ्यावर थुंका.”

मग हसमुखभाई माइककडे झुकले.

“केटलां नम्र छे आपणां बेन!”

आणि बेनच्या नम्रपणाला टाळ्यांचा कडकडाट झाला. शेवटच्या रांगेत दगा तेवढा हात मांडीवर ठेवून बसून होता.