हेवा करायला गेलो धानोऱ्याला

माझी कादंबरी चार वर्षं अडकलीये आणि त्याचं खापर मी आमच्या पुण्यातल्या टू बीएचकेवर फोडत आलोय. शेवटी सुनीता, म्हणजे बायको, वैतागून म्हणाली, "चल, एकदा त्या लेखकाचं घर बघूच." ज्याच्या जंगलातल्या घराचं कौतुक मी तिला सतत ऐकवायचो, तो लेखक; आता हयात नाही. नाव लिहीत नाही, लिहिताना अजून पोटात दुखतं.

रेल्वेने चंद्रपूर, तिथून बस. वाटेत मूल गावाला तर्री-पोहे खाऊन घ्या, पुढे गडचिरोलीपर्यंत काही धड मिळत नाही. गडचिरोलीहून धानोऱ्याची बस धरली. मे महिना होता, पाणी भरपूर सोबत ठेवा.

गावाच्या टोकाला कौलारू घर, मागे थेट सागाचं जंगल. खिडकीपाशी टेबल. मी जळून कोळसा झालो. अशा खिडकीत बसून कुणीही लिहील. टेबलाचे अकरा फोटो काढले.

लेखकाच्या थोरल्या सूनबाई ओसरीवर विडीसाठीच्या तेंदूपानांचे पुडे बांधत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "भाऊ, तो टेबल पाव्हण्यांसाठी ठेवला. मामाजी त्याच्यावर कधी बसले नाई." मामाजी म्हणजे त्यांचे सासरे.

"मग कुठे लिहायचे?"

"कुठीबी. पण दुपारी इथी येऊन वाचत. आमी बाया पुडे बांधून राह्यलो असू, नाई तं चिंच फोडून राह्यलो असू. आमचे हात थांबले तं लिहिलेलं पान राहे. नाई थांबले तं चुलीत."

"रागवायचे नाहीत?"

"रागवत तं खूप. मंग चहा मांगत, अन् रातभर पुन्हा लिहित."

नुसत्या टेबलाचा हेवा असता तर सागाचं टेबल करून घेता आलं असतं. ही ओसरी कुठून आणू? परतीच्या बसमध्ये सुनीताने विचारलं, "मला का नाही कधी वाचून दाखवलंस?" मी म्हणालो, तुला कंटाळा येईल. खरं म्हणजे मला भीती वाटायची.

घरी आल्यावर ती गवार निवडायला बसली तेव्हा समोर बसून पहिलं प्रकरण वाचलं. नजर कागदावर कमी, तिच्या बोटांवर जास्त. बोटं चालूच होती. शेवटच्या पानाला थांबली.

"आवडलं?"

"गवार संपली."

त्या माणसावर मी अजून जळतो, आता जास्तच. जिथे तिची बोटं थांबली नव्हती ती पहिली बारा पानं फाडून टाकली.

आम्हा दोघांना पाव किलो गवार पुरते. दुसऱ्या दिवशी सुनीताने दीड किलो आणली.